जयवंतीचं उपाशी पान

शोकसभेत आपटे सर म्हणाले, "डॉ. जयवंती वेसावकर या मितभाषी, शांत आणि सर्वांशी जुळवून घेणाऱ्या होत्या." मला इतकं हसू आलं की तोंडावर ओढणी धरावी लागली. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतेय. त्यांनी बिचाऱ्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, त्यामुळे मला आणखीच हसू यायला लागलं.

मितभाषी म्हणे! चौथ्या मजल्यावरच्या लॅबमधून ती खालच्या वॉचमनला हाक मारायची, तेव्हा रस्त्यापलीकडचे रिक्षावाले माना वर करून बघायचे. आणि जुळवून घेणं? कॉलेजात तिच्याशी भांडण न झालेला कुणी असलाच, तर तो कालपरवा नोकरीला लागलेला असणार. माणूस गेला रे गेला की त्याला इस्त्री करून घडी घालून ठेवायची आपल्याला भारी हौस. मला ती जशी होती तशी, चुरगळलेलीच हवी आहे, म्हणून हे लिहायला बसले.

ती आमच्या अंधेरीच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची, मी इलेक्ट्रॉनिक्स. तिची लॅब वर, माझी तळमजल्यावर. मी लागून आठवडा झाला नसेल, एक बाई दारात उभी. जरीकाठी साडी, वर ॲसिडने भोकं पडलेला ॲप्रन, अंबाड्यावर हातभर गजरा, गळ्यात जाडजूड सोनं.

"तू राणे ना? मालवणी?"

"हो."

"बरं झालं, एक तरी माणूस आलं. मल्टिमीटर दे."

मी दिला. तो मला पुन्हा कधीही मिळाला नाही. मला मीटर लागला की मीच चौथ्या मजल्यावर जायचे, ती चहा पाजायची, आणि मीटर तिथेच ठेवून मी खाली यायचे. अशी आमची मैत्री झाली.

वेसाव्याची कोळीण. आजोबांची होडी, आई सुकी मासळी विकायची, आणि ही एकटीच घरातली, जी बाजारात न बसता कॉलेजात गेली. पण बाजार तिच्या अंगातून काही गेला नाही. केमिकलवाल्यांचे सेल्समन तिला टरकून असायचे. बाटली उघडून ती आधी उजेडात धरायची, हलवायची, मग त्या पोराकडे बघायची. "शिळं आहे." "मॅडम, सीलबंद आहे." "सीलबंद शिळं आहे. घेऊन जा, आणि साहेबाला सांग, वेसावकरणीला शिळं खपवायचं नाही." नव्वद टक्के वेळा तिचंच खरं निघायचं. उरलेल्या दहा टक्क्यांत तिने माफी मागितल्याचं मला आठवत नाही.

आता तिच्या पानाबद्दल. त्याशिवाय जयवंती कळायची नाही, आणि घाबरू नका, मलाही त्यातलं तुमच्याइतकंच कळतं.

तिच्या खिडकीत रंगाच्या जुन्या डब्यात अळू लावलेला असायचा. नवीन माणूस आला की त्याला ती त्या अळूसमोर उभं करायची. "याला डोळे आहेत? नाहीत. तरी उजेड कुठे आहे ते बरोबर कळतं, मान वळवतो. एवढंच नाही, दुसऱ्या झाडाची सावली पडली तरी कळतं. हिरवं पान लाल उजेड गिळून टाकतं ना, मग खाली येतो तो उजेड वेगळाच असतो. हा ओळखतो, की वर भिंत नाही, कुणी भाऊबंद येऊन बसलाय. लगेच मान लांब करतो. आणि तुला दोन दोन डोळे असून काय उपयोग, नवरा निवडलास तो बघ." हे शेवटचं माझ्यासाठी असायचं. माझ्या नवऱ्यासमोरसुद्धा.

तिला असं पान हातांनी बनवायचं होतं. काचेच्या दोन पट्ट्या, त्यांच्यावर एक पांढरी पावडर भाजून बसवलेली, पावडरीवर हिरवट-तांबूस रंग चढवलेला. पट्ट्या पाण्यात उभ्या करायच्या. उजेड पडला की रंग तो पितो, त्या जोरावर इलेक्ट्रॉन सोडतो, ते तारेतून पळतात आणि मीटरचा आकडा चढतो. बॅटरी नाही, काही नाही. ज्या बाजूच्या पट्टीवर उजेड जास्त, तिचा आकडा मोठा. मग मी बनवलेली एक मोटर त्या बाजूला पान वळवायची. सुट्या इलेक्ट्रॉनची जागा मात्र भरून निघाली पाहिजे, नाहीतर रंग रिकामा होऊन बसतो. झाड ती जागा पाण्यातून भरून काढतं. माणसांनी केलेल्या पट्ट्यांना ते सहसा जमत नाही, म्हणून लोक पाण्यात एखादं रसायन घालतात, जे आपले इलेक्ट्रॉन मुकाट्याने देऊन टाकतं. म्हणजे पट्टीला खाऊ घालतात. खाऊ संपला की पट्टी बंद.

जयवंतीचा दावा असा होता, की माझं पान खाऊ मागत नाही. माझं पान नुसत्या पाण्यावर जगतं. तिची सगळी अब्रू त्या एका वाक्यावर होती. बाकी शोध कुणाचाही असू दे, हे वाक्य तिचं होतं.

आणि पान चालायचं हो! मी स्वतः बघितलंय. पावसाळ्यातल्या त्या मळकट उजेडातसुद्धा ते असं हळूच खिडकीकडे वळायचं, की अंगावर काटा यायचा. जयवंती त्याच्याशी बोलायची. "बघ बघ, कसं बघतंय मेलं." मंदावलं की ती पट्ट्या रात्रभर ओव्हनमध्ये सुकवायची, सकाळी पान पुन्हा टवटवीत.

फक्त हिवाळ्यात ते मंदावत जायचं आणि उन्हाळ्यात पार रुसायचं. तिने त्यावरही एक थिअरी बसवली होती. म्हणे पानाला दमट हवा मानवते, कोरड्या हवेत त्याचा घसा सुकतो. मी मालवणची, मला तर ते अगदीच पटलं.

त्या रुसव्याने आमची एकदा चांगली फजिती केली. चारकोपला आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटची मीटिंग होती. बिल्डरचा माणूस सांगत होता, शेजारी टॉवर आला तरी तुमच्या घरात उजेड आहे तेवढाच राहील. मी हौसेने जयवंतीला बोलावलं होतं. ती पान घेऊन आली, टेबलावर मांडलं, एक मोठा पुठ्ठा खिडकीत धरायला लावला आणि म्हणाली, "आता बघा, टॉवर आला की काय होतं." पुठ्ठा धरला, काढला, परत धरला. आकडा ढिम्म. तो बिल्डरचा माणूस हसून म्हणाला, "मॅडम, तुमचं पानच सांगतंय, काही फरक पडत नाही." सगळा हॉल हसला. आमचे सेक्रेटरी तर टाळी द्यायला हात शोधत होते.

जयवंती लाल झाली. "पान मेलंय. मी जिवंत आहे ना! हा पुठ्ठा धरलाय तर मला तुझं थोबाड दिसत नाहीये, ते सुखाचं आहे, पण उजेड गेलाय हे खरं आहे." मग ती पान उचलून निघाली. रिक्षात मी समजूत घालायला गेले, की जाऊ दे गं, उन्हाळा आहे, घसा सुकला असेल. ती एकदम म्हणाली, "गप गं. पान खोटं बोलत नाही. माझंच काहीतरी चुकतंय, आणि ते मला दिसत नाहीये." एवढं बोलून ती बाहेर बघत बसली. तिला गप्प बसलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

पावसाळा आला, पान परत शहाणं झालं, आणि ते सगळं विसरलं गेलं. तिचा पेपर छापून आला. आपटे सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. आपटे सर आमचे प्राचार्य, पार्ल्याचे, स्वच्छ, सज्जन आणि नाकाने तिखट. त्यांचं आणि जयवंतीचं वर्षानुवर्षांचं वैर होतं, आणि कारण होतं बोंबील.

झालं असं, की वेसाव्याला बोंबील बांबूच्या वलांडीवर उन्हात सुकवतात. पण एकदा पाऊस लागला की घरातला साठा सादळतो, मऊ पडतो, बुरशी धरतो. ऊन दाखवायचं तर ऊन आहे कुठे? जयवंतीच्या लॅबमध्ये मात्र एक चांगला थोरला ओव्हन होता, मंद आचेवर रात्रभर चालणारा. जून ते सप्टेंबर दर शनिवारी ती आईचे बोंबील पिशवीतून आणायची, ट्रेवर पसरायची आणि कुरकुरीत करून परत न्यायची. तिच्या दृष्टीने यात काही गैरच नव्हतं. ओव्हन सुकवायला असतो, बोंबील सुकवायचे असतात.

आपटे सरांनी नोटीस लावली, "प्रयोगशाळेत खाद्यपदार्थ आणू नयेत." हिने खाली पेनने लिहिलं, "हे खाद्यपदार्थ नाहीत, नमुने आहेत." सर नाकाला रुमाल लावून चौथ्या मजल्यावरून जायचे. ती मला म्हणायची, "कसला वास येतो गं यांना? मला काही येत नाही." आणि खरंच येत नसे. त्या वासात जन्मली, वाढली, तिला तो वास म्हणजे घर. माझंही तेच. मला तर भूक लागायची.

पेपर छापल्यावर पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला बंगळुरूच्या एका लॅबमधून फोन आला. फार आदबीने बोलला तो माणूस. त्यांनी तिच्या पद्धतीने पट्ट्या केल्या, पण चालत नाहीत. तुमच्या पट्ट्या पाठवता का? हिने पाठवल्या. पुन्हा फोन. तुमच्या चालल्या, मग हळूहळू बंद पडल्या, आणि सुकवून काही परत उठल्या नाहीत. मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "मॅडम, तुम्ही त्यात आणखी काही घालता का?"

म्हणजे सरळ सांगायचं तर, तुम्ही चोरी करता का?

जयवंतीने फोन ठेवला आणि भिंतीवर हात आपटला. "मी काही घालत नाही! काही नाही!" स्टाफरूममध्ये कुजबुज पोचायला वेळ लागत नाही. जे पेढे खाऊन गेले होते तेच म्हणायला लागले, आम्हाला आधीच वाटलं होतं. मला त्यांचा असा संताप यायचा! आणि ती रोज पट्ट्या करायची, रोज तपासायची. पाणी बदललं, काच बदलली, रंग बदलला. भर पावसाळा होता, पान झकास चालत होतं. आपलं पान चालतंय, आणि का चालतंय ते आपल्याला माहीत नाही, यासारखं वाईट काही नाही, असं ती म्हणायची.

एका शनिवारी मी वर चहाला गेले होते. तिची रिसर्च असिस्टंट फरझाना, मुंब्र्याहून यायची ती गुणी मुलगी, नव्या पट्ट्यांचा ट्रे घेऊन ओव्हनपाशी उभी राहिली आणि नेहमीसारखं विचारलं, "मॅडम, पट्ट्या आता ठेवू, की बोंबील निघाल्यावर? की सोबतच?"

जयवंतीचा कप हातातच राहिला.

"सोबतच ठेवतो आपण?"

"हो ना मॅडम. पावसाळ्यात नेहमी सोबतच. खालच्या ट्रेवर बोंबील, वरच्यावर पट्ट्या."

आता मासळीच्या वासाला केमिस्ट्रीत काय म्हणतात, ते जयवंती दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या पोरांना शिकवायची. अमाईन. आणि पट्ट्यांना खाऊ म्हणून लोक जे घालतात, तेही बहुतेक त्याच भावकीतलं. ओव्हन गरम झाला की बोंबलांतून तो वास उठत होता, वरच्या पट्ट्यांच्या भोकाभोकांत जाऊन बसत होता, आणि पान ते गुपचूप खात होतं. संपलं की मंदावत होतं. मग ही त्याला "सुकवायला" परत ओव्हनमध्ये ठेवत होती, म्हणजे परत जेवायला घालत होती. उन्हाळ्यात बोंबील उन्हात, म्हणून पान उपाशी. कसली दमट हवा आणि कसला घसा!

ती कप ठेवून स्टुलावर बसली आणि हसायला लागली. इतकी हसली, इतकी हसली, की गजरा सुटला. मग हसता हसता रडायला लागली. मी तिचा हात धरला तर म्हणाली, "वाट लागली गं मालवणी. माझ्या नाकाखाली होतं."

एका कंपनीचा नवा कोरा ओव्हन उसना आणून तिने नव्या पट्ट्या सुकवल्या, फरझानाला आठवडाभर मासे खायला बंदी घातली. पट्ट्या मेलेल्या. त्यातल्या अर्ध्या जुन्या ओव्हनमध्ये बोंबलांसोबत ठेवल्या. सकाळी झकास जिवंत. शंकेला जागाच उरली नाही.

मग ती पहिल्यांदा कुठे गेली असेल? आपटे सरांकडे. मी दारात होते. "सर, तुमचं नाक माझ्यापेक्षा मोठं सायंटिस्ट निघालं. माफ करा." सरांनी सगळं ऐकलं, आणि मला वाटलं होतं आता हा माणूस विजयाने फुलणार. पण ते पांढरे पडले. पुढच्याच आठवड्यात पानाच्या प्रोजेक्टला पैसे देणारी समिती यायची होती. "वेसावकर मॅडम," ते म्हणाले, "पान चालतंय ना? मग चालू दे. बंगळुरूचे लोक विसरतील. कॉलेजचं नाव आहे."

"कॉलेजचं नाव बोंबलांवर चाललंय सर."

"हळू बोला."

"मला हळू येत नाही."

घरी तिने आईला सांगितलं. म्हातारी बोंबील निवडत बसली होती, तिला यात आक्रीत काहीच वाटलं नाही. "मंग? जेवल्याबिगर कोन काम करतं गो?" म्हणाली.

समिती आली. तीन लांबलचक चेहरे, समोर बिस्किटं, काजू. आपटे सरांनी तिला बजावलं होतं, फक्त पुढच्या योजना सांगा. जयवंतीने पान मांडलं, पानाने वळून दाखवलं, समितीने माना डोलावल्या. मग तिने पिशवीतून बशीभर सुके बोंबील काढले आणि काजूंच्या शेजारी ठेवले.

"याच्यामुळे वळलं," ती म्हणाली. "मी लिहिलंय की पान पाण्यावर जगतं. चूक आहे. मी त्याला चोरून जेवायला घालत होते आणि जगाला सांगत होते, बघा कसं उपाशीपोटी राबतंय. चोरून म्हणजे माझ्यापासूनही चोरून, पण त्याने काय फरक पडतो? पेपर मी मागे घेतलाय. बंगळुरूला फोन केलाय."

एकाने काजूंची बशी जरा बाजूला ओढली. समितीतले एक गृहस्थ जरा दयाळू असावेत. ते म्हणाले, "मॅडम, याला आपण नैसर्गिक पूरक द्रव्य असं म्हणू शकतो. मग पेपर मागे घ्यायची गरज नाही. काम उत्तमच आहे."

"बोंबील म्हणा सर," जयवंती म्हणाली. "बोंबलाला बोंबील म्हणायला कसली लाज?"

प्रोजेक्ट बंद झाला. तिच्याकडे पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स आली. लोकांनी दहा वर्षं पुरेल एवढा विनोद केला, तिला कॉरिडॉरमध्ये "काय मॅडम, आज पान जेवलं का?" असं विचारणारे महाभाग होते. ती त्यांना म्हणायची, "तू जेवलास ना, मग बास." फरझानाचा पीएचडीचा विषयच बुडाला होता, ती पोर ढसाढसा रडली. जयवंतीने तिला समोर बसवलं. "पान बोंबील खातं, हे जगात कुणाला माहीत आहे? तुला आणि मला. मग कसं खातं, किती खातं, ताजा खातं की शिळा, शोध की! रडतेस काय?" फरझाना आज डॉक्टर आहे, ती याच विषयावर. तिच्या पट्टीला मासळी शिळी झालेली कळते. जयवंतीला याचा फार अभिमान होता, पण तोंडाने म्हणायची, "त्यासाठी पट्टी कशाला, मी होते की."

तिने नोकरीची दोन वर्षं उरलेली असताना राजीनामा दिला. मला वाटलं, झालं, मन विटलं हिचं. आणि मला त्या सगळ्यांचा, आपटे सरांचा, त्या समितीचा, कॉरिडॉरमधल्या विदूषकांचा असा राग आला, की तिच्या निरोप समारंभाला मी गेलेच नाही. तीही गेली नव्हती म्हणा. मागून कळलं.

मी तिला शेवटची बघितली ती वेसाव्याला, तिच्या घराच्या गच्चीवर, मार्चच्या सकाळी. गच्चीवर पत्र्याची एक खोली बांधली होती. दारात चपला काढायच्या, साबणाने हात धुवायचे, मगच आत. आई जिन्यात बसून मला गाऱ्हाणं सांगत होती. जयूने घरात सुकी मासळी आणायला बंदी केली, वलांडी पार तिकडच्या टोकाला न्यायला लावली, आणि स्वतः बोंबील सोडले. "कोलनीच्या पोरीनं बोंबील सोडलं! आजारी हाय काय गो ती?"

आजारी होती, पण ते तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. फक्त गळ्याची हाडं दिसत होती आणि सोनं सैल लोंबत होतं.

आत एका काचेच्या भांड्यात स्वच्छ पाणी, त्यात दोन नव्या पट्ट्या, रंग वेगळाच, जांभळट. तिने खिडकीची झडप उघडली. ऊन आत आलं, आणि मीटरवर, होय, माझ्याच मीटरवर, आकडा हलला. अगदी थोडासा. झडप लावली, आकडा खाली. उघडली, परत वर.

"जयवंती!" मी ओरडले. "अगं चाललं! पाण्यावर चाललं!"

"ओरडू नकोस." तिचा चेहरा उजळला होता, पण कपाळावरची आठी तशीच. "पाणीच आहे की आणखी काही, मला माहीत नाही. रंग स्वतःच झिजत असेल. माझ्या हाताचा घाम असेल. वाऱ्याने खाडीवरून काही येत असेल. अजून सहा महिने मला याच्यावर संशय घेऊ दे. तोवर कुणाला सांगायचं नाही."

"पण चालतंय ना गं!"

तिने पट्ट्या पाण्यातून काढल्या, भांडं उपडं करून सगळं पाणी मोरीत ओतलं, आणि ते घासायला घेतलं.

"अगं, चालत होतं की!"

"म्हणूनच," ती म्हणाली.